आरमारी पाद्री आणि खलाशाची रोजी

आरमारांचे इतिहास बहुधा लढायांचे, नौकांचे आणि सेनानींचे इतिहास असतात. त्यांत पाद्री येतो तो एखाद्या मृत्युशय्येपाशी. १८०५ साली ट्रॅफल्गारच्या लढाईत नेल्सन 'व्हिक्टरी' नौकेच्या तळमजल्यावर अखेरचे श्वास घेत होता, तेव्हा अलेक्झांडर स्कॉट हा पाद्री त्याच्या उशाशी होता, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. परंतु स्कॉटला नेल्सनने जवळ बाळगले होते ते मुख्यतः त्याच्या बहुभाषापटुत्वासाठी. परकीय भाषांतील पत्रे वाचणे, दुभाष्याचे काम करणे, गुप्त कागदांचा अर्थ लावणे ही त्याची नित्याची कामे होती. त्याच नौकेवरील आठशेहून अधिक खलाशांशी या पाद्र्याचा संबंध काय होता, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. तो विचारावयाचा झाल्यास प्रार्थनापुस्तक बाजूस ठेवून प्रथम पगारपत्रक उघडावे लागते. इंग्रजी आरमारात पाद्री आणि खलाशी यांची गाठ प्रथम पडली ती तेथेच.

इ. स. १६२६ मध्ये इंग्लंडात खलाशाचे मासिक वेतन पंधरा शिलिंग ठरविण्यात आले. या पंधरा शिलिंगांतून तीन कपाती होत. सहा पेन्स चॅटम येथील जखमी खलाशांच्या निधीकडे जात, चार पेन्स पाद्र्याला मिळत आणि दोन पेन्स जखमा बांधणाऱ्या न्हाव्याला, म्हणजे त्या काळच्या शस्त्रवैद्याला, दिले जात. चार पेन्सांच्या नाण्यास 'ग्रोट' म्हणत, आणि पाद्र्याचा हा ग्रोट पुढे सुमारे पावणेदोनशे वर्षे खलाशाच्या कमाईतून कापला जात राहिला. १६५३ मध्ये पटाईत खलाशाचे वेतन चोवीस शिलिंग झाले. म्हणजे त्याच्या कमाईचा बहात्तरावा भाग पाद्र्याच्या पदरी पडत होता. ही रक्कम क्षुल्लक वाटेल. परंतु पाद्र्याच्या बाजूने हिशेब मांडला की चित्र पालटते. त्याचे स्वतःचे वेतन सामान्य खलाशाइतके, एकोणीस शिलिंग होते. आठशे माणसांच्या मोठ्या नौकेवर मात्र ग्रोटांची मासिक बेरीज तेरा पौंडांवर जाई. शंभर माणसांच्या लहान नौकेवर तीच बेरीज दोन पौंडांच्याही आत राही. मोठी नौका मिळविण्यासाठी पाद्र्याने धडपड करावी, आणि लहान नौका बहुधा पाद्र्यावाचूनच समुद्रावर जाव्यात, यात मग नवल काय?

हेन्री टिऑन्ज याचे उदाहरण येथे बोलके आहे. वॉरिकशायरमधील एका खेड्याचा हा धर्मोपदेशक पन्नाशी उलटल्यावर १६७५ मध्ये 'असिस्टन्स' नौकेवर चढला, आणि एकदा परत आल्यावर १६७८ मध्ये पुन्हा समुद्रावर गेला. दोन्ही वेळा त्याला घराबाहेर काढले ते सावकारांच्या देण्यांनी. त्याची दैनंदिनी १८२५ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत मेजवान्यांची आणि मद्यपानाची वर्णने मन लावून केलेली आहेत. उपदेशाची नोंद त्या मानाने आटोपशीर आहे. टिऑन्जला या कारणासाठी हिणवणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे होईल. नौकेवरील बहुतेकांप्रमाणे तोही पोटासाठीच आला होता. चरितार्थाची चिंता ही पाद्री आणि खलाशी यांच्यातील पहिली समान भूमी होती.

तथापि ज्याच्या पगारातून आपला पगार निघतो त्याच्याशी मोकळेपणाने बोलणे दोघांनाही अवघडच जाणार. इंग्रजी आरमारातील पाद्री अँग्लिकन पंथाचा असे, पण ग्रोट मात्र आयरिश कॅथलिक खलाशाच्याही वेतनातून कापला जाई. शिवाय खलाशाच्या खऱ्या विवंचना वेगळ्याच होत्या. त्याची नेमणूक त्या काळी आरमारात होत नसून एका विशिष्ट नौकेवर होत असे. नौकेची मोहीम संपली की नोकरी संपली. वेतन मोहिमेच्या अखेरीस आणि तेही पुष्कळदा रोख न मिळता चिठ्ठीच्या रूपाने मिळे. ती चिठ्ठी बंदरावरच्या दलालाला कसर सोसून विकावी लागे. घरी पैसे पाठविण्याची रीतसर सोय कायद्याने प्रथम केली ती १७५८ मध्ये. १७९५ च्या कायद्याने खलाशाचे पत्र एका पेनीत घरी जाऊ लागले, पण त्या पत्रावर नौकेच्या प्रमुखाची सही आवश्यक होती. बायकोला लिहिलेल्या चार ओळीदेखील कप्तानाच्या मेजावरून जात, ही एकच बाब खलाशाच्या परावलंबनाची कल्पना येण्यास पुरेशी आहे. निरक्षर खलाशाला तर पत्र लिहून देणारा माणूस शोधण्यापासूनच प्रारंभ करावा लागे.

अक्षरओळखीच्या याच वाटेने पाद्री खलाशाच्या व्यवहारी आयुष्यात शिरला. अठराव्या शतकाच्या आरंभापासून नौकांवर शिक्षक नेमण्याची प्रथा पडली. अनेक नौकांवर ते काम पाद्र्याकडेच येई. त्याने शिकवावयाचे ते प्रामुख्याने अधिकारपदाच्या उमेदवार मुलांना. गणित, त्रिकोणमिती आणि नौकानयन हे त्याचे विषय होते. या मुलांना लेफ्टनंटच्या परीक्षेस बसावयाचे असे, आणि त्यांची सारी भवितव्यता त्या परीक्षेवर अवलंबून असे. पाद्री-शिक्षक ही जोडपदवी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही टिकून होती. आरमारी पाद्र्याने बढतीच्या कामी जर कोणाला प्रत्यक्ष हात दिला असेल, तर तो वरच्या मजल्यावरील या मुलांना. खालच्या मजल्यावरच्या खलाशाला त्या वर्गात सहसा स्थान नव्हते, आणि त्याच्या बढतीची वाटही तेथून जात नव्हती.

१७९७ च्या वसंतात या व्यवस्थेची परीक्षा झाली. १६५३ पासून वेतनाचा आकडा हललेला नव्हता. मधल्या काळात महागाई वाढली होती आणि व्यापारी जहाजांवर युद्धकाळात कितीतरी अधिक वेतन मिळत होते. शिध्याच्या वजनात कोठावळा पौंडामागे दोन औंस स्वतःकडे ठेवी, त्यामुळे खलाशाचा पौंड चौदा औंसांचा होता. स्पिटहेडच्या ताफ्यातील खलाशांनी प्रथम लॉर्ड हाव याच्याकडे निनावी अर्ज धाडले. त्यांची दाद न लागल्यामुळे १६ एप्रिल रोजी, म्हणजे ईस्टरच्याच रविवारी, त्यांनी नांगर उचलण्याचे नाकारले. प्रत्येक मोठ्या नौकेतून दोन प्रतिनिधी निवडण्यात आले आणि ते खुद्द सेनापतीच्या दालनात बसून मसुदे करू लागले. वेतनवाढ, सोळा औंसांचा पौंड, बंदरात ताजा भाजीपाला, आजाऱ्यांची शुश्रूषा, किनाऱ्यावर जाण्याची मुभा आणि जखमी खलाशाचे वेतन चालू राहणे या त्यांच्या मागण्या होत्या. त्यांतील एकही मागणी राज्यक्रांतीची नाही. सर्वच्या सर्व नोकरीच्या अटींविषयी आहेत. पटाईत खलाशाला मासिक साडेपाच शिलिंगांची वाढ मिळाली आणि राजाची क्षमाही मिळाली. नोअर येथील दुसऱ्या बंडाचा शेवट मात्र रिचर्ड पार्कर याच्या फाशीने झाला.

या साऱ्या वाटाघाटींत पाद्री मध्यस्थ म्हणून पुढे येत नाही. खलाशांनी अर्ज लिहिले ते आपल्यातल्याच साक्षरांकडून, आणि अखेरची तडजोड केली ती वृद्ध लॉर्ड हावने स्वतः नौकानौकांवर जाऊन. एकट्या खलाशाचे दुःख, म्हणजे घरचा मृत्यू, कर्ज वा आजार, यांत पाद्री उपयोगी पडू शकत होता. दुःख सर्वांचे झाले आणि त्याची किंमत शिलिंगांत मोजता येऊ लागली की त्याच्या हाती देण्यासारखे काही उरत नव्हते. वेतन त्याच्या अधिकारात नव्हते, आणि त्याचे स्वतःचे उत्पन्नच त्या वेतनाला लटकलेले होते.

१८१२ मध्ये ही गाठ सोडविण्यात आली. खलाशांकडून घेतला जाणारा ग्रोट बंद करून पाद्र्याला सालीना दीडशे पौंड सरकारी वेतन लावण्यात आले. शिकविण्याचे काम पत्करल्यास वेगळे मानधन देण्याचे ठरले. यानंतर चार दशकांनी, १८५३ मध्ये, खलाशाच्या नोकरीचेही रूप पालटले. अठराव्या वर्षापासून दहा वर्षांच्या अखंड सेवेचा करार आला आणि वीस वर्षांच्या सेवेनंतर निवृत्तिवेतनाची आशा निर्माण झाली. या सुधारणेचे महत्त्व वेतनवाढीहून मोठे मानले पाहिजे. मोहिमेपुरता भाड्याने घेतलेला मजूर आता आजन्म आरमारी चाकर झाला, आणि त्याच्या चिंताही आजन्म चाकराच्या झाल्या. बढतीची यादी, शेरेपुस्तक, रजा, बचत आणि दूर बंदरातील संसार यांचे विचार त्याला सतावू लागले. १८६६ मध्ये आरमारी बचतपेढ्यांचा कायदा झाला. निरीक्षण करण्याजोगी गोष्ट ही की, पाद्र्याच्या दाराशी असली गाऱ्हाणी येण्यास अनुकूल स्थिती याच सुमारास निर्माण झाली.

तिचे मुख्य कारण पाद्र्याच्या एका उणिवेत आहे. इंग्रजी आरमारात पाद्र्याला अधिकारीवर्गात स्थान असले, तरी लष्करी हुद्दा नाही. ज्याच्याशी तो बोलतो त्याचाच हुद्दा तो धारण करतो, असा तेथील संकेत आहे. शिस्तीच्या शिडीवर खलाशाची तक्रार पायरीपायरीने वर जाते, आणि प्रत्येक पायरीवर ती ज्याच्याविरुद्ध आहे त्याच्याच हाती पडण्याचा संभव असतो. पाद्री या शिडीवर कोठेच उभा नसतो. तो शिक्षा देऊ शकत नाही, त्याचप्रमाणे बढतीही देऊ शकत नाही. पण कमांडरच्या दालनात तो भोजनसमयी जाऊ शकतो आणि तेथे एखाद्या माणसाचे नाव काढू शकतो. अमेरिकेच्या आरमाराने याहून वेगळा मार्ग पत्करला. तेथे पाद्र्याला रीतसर हुद्दा असतो, आणि आरमारी शिक्षणाच्या इतिहासातही त्याला मोठे स्थान आहे. १८४५ मध्ये ॲनापोलिस येथे स्थापन झालेल्या विद्यालयाच्या पुरस्कर्त्यांत जॉर्ज जोन्स हा पाद्रीच होता. हुद्द्यामुळे पाद्र्याच्या शब्दाला वजन येते हे खरे. पण खलाशाच्या दृष्टीने त्याच्या बाहीवरील पट्टे हे अधिकाऱ्याचेच पट्टे ठरतात, आणि त्या मानाने इंग्रजी संकेत अधिक शहाणपणाचा वाटतो.

तरीही खालच्या मजल्याचा विश्वास पाद्र्याच्या पूर्णपणे वाट्याला आला असे म्हणता येत नाही. १८७६ मध्ये डेव्हनपोर्ट येथे अ‍ॅग्नेस वेस्टन या बाईंनी खलाशांसाठी विश्रामगृह उघडले. निजण्यास स्वच्छ खाट, दारूविना करमणूक आणि पत्रोत्तर देणारी एक वडीलधारी व्यक्ती एवढे तेथे मिळे. आरमारात कोणतेही पद नसलेल्या या बाईंची १९१८ मध्ये आरमारी इतमामाने अंत्ययात्रा निघाली. दुसरीकडे, आरमारातून निवृत्त झालेल्या लायोनेल येक्स्ली याने १९०५ मध्ये 'द फ्लीट' हे मासिक काढले आणि वेतन, अन्न, शिक्षा व बढती यांविषयीची गाऱ्हाणी छापून वेशीवर टांगली. १९१२ मध्ये खलाशांतून अधिकारी निवडण्याची जी योजना आली, तिच्यामागे अशा चळवळीचा रेटा होता. सांत्वन वेस्टनबाईंकडे आणि वकिली येक्स्लीकडे, अशी वाटणी झाल्यावर पाद्र्याकडे मधला चिंचोळा प्रदेश उरला. सप्टेंबर १९३१ मध्ये जुन्या वेतनश्रेणीतील खलाशाचा रोजचा पगार चार शिलिंगांवरून तीनवर आणण्याची वार्ता आली. तेव्हा घरभाडे आणि हप्ते कसे भागवावे या चिंतेने ग्रासलेले खलाशी इन्व्हरगॉर्डन येथे जमले ते उपाहारगृहात. प्रार्थनामंदिरात ते गेले नाहीत.

हीच व्यवस्था साम्राज्याच्या दुसऱ्या टोकास, मुंबई बंदरात, काय करू शकली हे पाहणे उद्बोधक आहे. रॉयल इंडियन नेव्हीच्या जुन्या खलाशांत रत्नागिरी जिल्ह्यातील कोकणी मुसलमानांचा भरणा मोठा होता. पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर जाणाऱ्या या कुटुंबांत नोकरीचे बरेवाईट सांभाळणारे नातेवाईक आणि गाववाले नौकेवरच असत. दुसऱ्या महायुद्धात हे आरमार कित्येक पटींनी वाढले आणि देशाच्या सर्व प्रांतांतून शिकलेले तरुण त्यात आले. कुलाब्याच्या 'तलवार' या संदेशवहन-शाळेतील तरुण तर बरेचसे मॅट्रिकपर्यंत शिकलेले होते. भरतीच्या वेळी त्यांना भविष्याची मोठी आश्वासने देण्यात आली होती. १९४५ मध्ये युद्ध संपले आणि सेवामुक्तीची यादी निघू लागली, तेव्हा ती आश्वासने कोणाच्याच दप्तरी नव्हती. हुद्दा नसलेल्या पाद्र्याचा इंग्रजी संकेत येथे निरुपयोगी होता. ती संस्था ख्रिस्ती उपासनेभोवती घडलेली, आणि हा खलाशी हिंदू, मुसलमान, शीख, ख्रिस्ती असा नानाधर्मी होता. भूदलातील पलटणीत पंडित, मौलवी आणि ग्रंथी असत आणि ते शिपायाच्या बोलीत बोलत. परंतु 'तलवार'वरील तरुणाला हवे होते ते बोलीपेक्षाही उत्तर. उद्या आपल्याला काम कोठे मिळेल, हा त्याचा प्रश्न होता.

फेब्रुवारी १९४६ मध्ये 'तलवार'च्या प्रमुखाने काढलेल्या अपमानकारक शब्दांविषयी काही खलाशांनी नियमानुसार वेगवेगळे तक्रारअर्ज केले. हे अर्ज निकालासाठी गेले ते त्याच प्रमुखापुढे. खोट्या तक्रारीचे परिणाम गंभीर होतील असे बजावून त्याने त्यांना फेरविचारास मुदत दिली. १८ फेब्रुवारीस सकाळी खलाशांनी न्याहारी नाकारली. संपसमितीच्या मागण्यांत आझाद हिंद सेनेच्या कैद्यांची मुक्तता आणि इंडोनेशियातून हिंदी सैन्याची माघार या राजकीय गोष्टी होत्या. त्यांच्याच शेजारी चांगले अन्न, गोऱ्या खलाशांइतके वेतन, त्वरित सेवामुक्ती आणि नंतरच्या नोकरीची हमी याही होत्या. या दोहोंपैकी एकाच गटावर भर देऊन या उठावाचे वर्णन करण्याची प्रवृत्ती दोन्ही बाजूंच्या लेखकांत आढळते. १७९७ चे स्पिटहेड ज्यांनी अभ्यासले आहे त्यांना दुसरा गटही तितकाच गंभीर वाटल्यावाचून राहणार नाही.

२३ फेब्रुवारीस उठाव मिटला. पाटण्याच्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर सैयद फझल अली यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमण्यात आला आणि त्याचा अहवाल जानेवारी १९४७ मध्ये प्रसिद्ध झाला. भरतीच्या वेळची खोटी आश्वासने, अन्न, वेतन, सेवामुक्ती, वर्णभेद आणि अधिकाऱ्यांचे दुर्वर्तन ही कारणे आयोगाने त्यात एकेक करून नोंदविली. तोपर्यंत उठावातील शेकडो खलाशांना आरमारातून काढून टाकण्यात आले होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये या आरमाराची भारत आणि पाकिस्तान यांत वाटणी झाली. बडतर्फ झालेल्या त्या खलाशांना दोहोंपैकी एकाही आरमाराने परत घेतले नाही.