लॉबिंगच्या नोंदी : इतिहासलेखनाचे एक साधन

प्रस्तावना : शासकीय धोरणांवर उद्योगसमूहांचा प्रभाव पडतो, असे सर्रास म्हटले जाते, मात्र त्यास लेखी पुरावा क्वचितच मिळतो. या दृष्टीने अमेरिकेतील लॉबिंगच्या, म्हणजे शासनदरबारी केलेल्या रदबदलीच्या, सार्वजनिक नोंदी महत्त्वाच्या ठरतात.

विवेचन : १९४६ च्या कायद्याने ही नोंदणी सुरू झाली, १९९५ च्या कायद्याने ती व्यापक झाली आणि २००७ च्या कायद्याने तिमाही अहवाल बंधनकारक झाले. अहवालात विषय, संपर्क साधलेले सभागृह वा खाते आणि खर्च नमूद असतो. डिसेंबर २०१२ मध्ये वॉलमार्टच्या अहवालांतील भारतीय बाजारपेठेच्या उल्लेखावरून भारतीय संसदेत गदारोळ झाला. जानेवारी २०१३ मध्ये न्या. मुकुल मुद्गल समिती नेमली गेली. तथापि २००८ पासूनचा सुमारे २.५ कोटी डॉलरचा खर्च सर्व विषयांचा एकत्रित होता आणि नोंदलेला संपर्क अमेरिकी शासनाशी होता. भारतात लाच दिल्याचा तो पुरावा नव्हे.

निष्कर्ष : नोंद विषय सांगते, संभाषण सांगत नाही. म्हणून ती अन्य साधनांशी ताडून पाहणे आवश्यक आहे. मात्र भारतात असा कायदाच नसल्याने आपल्या धोरणाविषयीची ही माहिती आपणास परकीय दप्तरातून मिळाली, ही उणीव अभ्यासकांनी दुर्लक्षू नये.