इस्सत्थ सुत्त आणि महार पलटण

संयुत्तनिकायाच्या कोसलसंयुत्तात ‘इस्सत्थ सुत्त’ आहे. कोणाला दिलेले दान महाफलदायी होते, असे राजा पसेनदी भगवान बुद्धांना विचारतो. भगवान प्रतिप्रश्न करतात : युद्ध उभे ठाकले असता शस्त्रविद्या न शिकलेला, भित्रा क्षत्रिय तरुण तू सैन्यात घेशील काय? आणि असाच ब्राह्मण, वैश्य वा शूद्र तरुण? राजा नकार देतो. मात्र शिकलेला, निर्भय तरुण कोणत्याही वर्णाचा असो, त्याला घेईन म्हणतो. दानाची पात्रताही कुळावरून ठरत नाही, गुणावरून ठरते, हे भगवान त्यातून पटवून देतात.

पसेनदीला जे सहज उमगले, ते इंग्रज सरकारने नाकारले. 1 जानेवारी 1818 च्या लढाईची स्मृती जपणाऱ्या कोरेगावच्या स्तंभावर 22 महार सैनिकांची नावे कोरलेली आहेत. सुभेदार रामजी सकपाळ महूच्या लष्करी शाळेत शिकवीत होते. 14 एप्रिल 1891 रोजी बाबासाहेबांचा जन्म त्या छावणीतच झाला. परंतु 1892 च्या सुमारास ‘लढाऊ जमाती’च्या सिद्धान्ताने महारांना लष्कराचे दार बंद झाले. महायुद्धात मनुष्यबळ कमी पडताच 1917 साली 111 वी महार पलटण उभारली गेली. शांतता होताच 1921 साली ती मोडली.

संकटात बोलवावे पण बरोबरीचे मानू नये, ही रीत अन्यत्रही होती. अमेरिकेतील यादवी युद्धात 1863 साली उभारलेल्या 54 व्या मॅसॅच्युसेट्स या स्वयंसेवक पलटणीतील कृष्णवर्णीय सैनिकांना दरमहा 10 डॉलर देऊन त्यातून कपड्यांचे 3 कापले जात. गोऱ्यांना 13 मिळत. त्या सैनिकांनी अपुरे वेतन घेण्यासच नकार दिला. अखेर 1864 साली समान वेतनाचा कायदा झाला.

इकडे 1941 च्या जुलैत राष्ट्रीय संरक्षण मंडळावर नेमले गेलेल्या बाबासाहेबांनी महारांच्या भरतीचा आग्रह धरला. त्याच वर्षी ऑक्टोबरात बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली, दुसरी कामठीस. एकेकाळी हैदराबाद कंटिंजंटची छावणी असलेल्या आमच्या अचलपुरास आणि साऱ्या वऱ्हाडास भरतीचे ठिकाण जवळ आले.

आज या रेजिमेंटमध्ये सर्व जातिधर्मांचे जवान आहेत. 1987 साली श्रीलंकेत धारातीर्थी पडलेले, परमवीरचक्राचे मानकरी मेजर रामस्वामी परमेश्वरन हे याच रेजिमेंटचे तामिळ अधिकारी. ज्या नावाला दार बंद होते, त्याच नावाच्या रेजिमेंटने आपले दार सर्वांसाठी उघडले. इस्सत्थ सुत्ताचा आशय याहून वेगळा नाही.