मागच्या बाकाची गोष्ट

मंडळी, ट्रकच्या हौद्यात बसून लग्नाला गेलेला माणूस माझ्या वयाच्या लोकांत शोधावा लागत नाही. पुढे केबिनमध्ये ड्रायव्हरशेजारी नवरदेव, त्याचा मामा आणि एखादे थकलेले म्हातारे माणूस. बाकीचे सगळे गणगोत मागे, सतरंजीवर. पोरांनी फाळक्याजवळ जायचे नाही, एवढा एकच नियम. पाऊस आला की ताडपत्री ओढायची आणि धूळ आली की डोळे मिटायचे. तेव्हा माझ्या मनात एक प्रश्न यायचा. हौदा एवढा मोठा आणि केबिन एवढीशी का? पुढे आणखी एक बाक टाकला असता तर काय बिघडले असते?

प्रश्न पोरवयातला होता. पण पुढे मोटारींच्या इतिहासाचे वाचन करताना लक्षात आले की, या एका बाकासाठी अमेरिकेसारख्या श्रीमंत देशातल्या कामगारालाही बरीच वर्षे थांबावे लागले. आज मला त्याच बाकाविषयी बोलायचे आहे.

अमेरिकेत एक छंद आहे. भंगारात पडलेल्या पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या ट्रकांचे भाग जमवायचे आणि त्यातून चार दारांचा, सहा माणसे बसतील असा पिकअप ट्रक स्वतः घडवायचा. अशा केबिनला तिकडे ‘क्रू कॅब’ म्हणतात. क्रू म्हणजे कामावरची टोळी. अख्खी टोळी छपराखाली बसेल, ती क्रू कॅब. घरामागच्या शेडमध्ये हे काम वर्षानुवर्षे चालते. कुणी विचारील, एवढा खटाटोप कशाला? जुनी चार दारांची गाडी विकत घेऊन दुरुस्त का करत नाहीत? उत्तर साधे आहे. त्यांना हवी असलेली गाडी बहुधा कारखान्यात कधी तयारच झालेली नसते. शेव्हरोलेचा १९४७ साली आलेला गोलसर नाकाचा ट्रक आजही लोकांच्या डोळ्यांत भरतो. त्याच्या केबिनमध्ये एकच बाक होता आणि त्यावर तिघे बसत. शेव्हरोलेने चार दारांचा पिकअप बाजारात आणला तो १९७३ साली. म्हणजे १९५० च्या आसपासची चार दारांची शेव्हरोले हवी असेल, तर ती जुन्या दोन केबिनी कापून जोडल्याशिवाय मिळणार नाही.

हे कापणे-जोडणे मात्र हौशी मंडळींनी शोधलेले नाही. त्याची सुरुवात गरजेतून झाली.

फोर्ड कंपनीने १९२५ साली आपल्या मॉडेल टी गाडीला कारखान्यातच मागे छोटा हौदा बसवून ती २८१ डॉलरना विकायला काढली. शेतकरी, दुकानदार, सुतार अशांच्या ती उपयोगाची होती. पुढे एक बाक, मागे माल, हा साचा तिथून पक्का झाला. मालक आणि गडी एवढ्यांपुरता तो ठीक होता. पण रेल्वेमार्गावर काम करणारी टोळी, विजेचे खांब उभारणारे, जंगलातला वणवा विझवायला जाणारे लोक पाच-सहाच्या संख्येने निघत. त्यातले दोघे-तिघे पुढे बसत. उरलेले मागे, कुदळी-फावड्यांच्या शेजारी. ज्या खात्यांना आणि कंपन्यांना हे परवडणारे नव्हते, ती गाडी बॉडीच्या वर्कशॉपमध्ये पाठवीत. तिथले कारागीर केबिन कापून लांबवत आणि आत दुसरा बाक घालत. एकेक गाडी हाताने होई, त्यामुळे खर्चही दांडगा.

जर्मनीतही हेच घडले. फोक्सवॅगनच्या पिकअपला लोर्च या गावच्या बिन्झ कंपनीने १९५३ पासून मागची केबिन जोडून द्यायला सुरुवात केली. ही कंपनी रुग्णवाहिका आणि शववाहिका बांधण्यासाठी ओळखली जाई. आजारी आणि मेलेल्या माणसाला गाडीत आडवे नेण्याची सोय करणाऱ्या कारागिरांनीच धडधाकट कामगाराला बसण्याची सोय करून दिली, याचे मला नेहमी नवल वाटते. मागणी पाहून १९५८ च्या अखेरीस फोक्सवॅगनने ही गाडी स्वतःच्या कारखान्यात घेतली.

अमेरिकेत हे पाऊल प्रथम उचलले ते इंटरनॅशनल हार्वेस्टरने. ही मुळात शेतीची अवजारे करणारी कंपनी. १९०७ मध्ये ती मालवाहू गाड्यांकडे वळली आणि त्याला पन्नास वर्षे झाली त्या १९५७ सालात तिने ‘ट्रॅव्हलेट’ नावाचा पिकअप आणला. सहा माणसांची केबिन आणि मागे हौदा. मात्र दारे तीनच. पुढे दोन आणि मागच्या बाकासाठी एकाच बाजूला एक. फोक्सवॅगनच्या गाडीचेही तसेच. मागे बसणाऱ्या तिघांनी एकाच दाराने चढायचे आणि एकाच दाराने उतरायचे. छप्पर मिळाले, पण दार अर्धेच मिळाले, असे म्हणायला हरकत नाही. ट्रॅव्हलेटला चौथे दार आले १९६१ मध्ये. मग १९६३ मध्ये डॉज आणि १९६५ मध्ये फोर्ड या वाटेने आले. शेव्हरोले सर्वांत शेवटी.

या सनावळीत एका तारखेशी मी नेहमी अडखळतो. १७ सप्टेंबर १९६३. कॅलिफोर्नियातल्या सॅलिनास खोऱ्यात चुआलार नावाचे छोटे गाव आहे. त्या दिवशी दुपारी शेतातले काम आटोपून मजुरांची एक गाडी परत निघाली होती. त्यातले बहुतेक जण मेक्सिकोहून ठरावीक मुदतीच्या करारावर आणलेले शेतमजूर होते. त्यांना ‘ब्रासेरो’ म्हणत, म्हणजे हातांनी राबणारे. कागदोपत्री त्यांची गाडी बस होती. प्रत्यक्षात तो सपाट हौद्याचा ट्रक होता. त्यावर छत उभारलेले आणि आत लांब फळ्यांचे बाक टाकलेले. पन्नासहून अधिक माणसे आत होती. रूळ ओलांडताना त्या गाडीला मालगाडीने धडक दिली. बत्तीस मजूर मेले.

अमेरिकी प्रतिनिधीगृहाच्या समितीच्या वतीने अर्नेस्टो गालार्झा या कामगार-अभ्यासकाने या अपघाताची चौकशी केली. मजुरांना मालासारखे वाहून नेण्याची पद्धतच त्यातून चव्हाट्यावर आली. ब्रासेरो योजना आधीच वादात सापडली होती. १९६४ च्या अखेरीस ती बंद झाली.

म्हणजे पाहा, ज्या वर्षी डॉजने कामगारांसाठी चार दारांची पक्की केबिन विकायला काढली, त्याच वर्षी त्याच देशात कामगार फळीवर बसून मरत होते. दोन्ही ठिकाणी काम एकच होते, मालाच्या गाडीत माणसासाठी जागा करण्याचे. एका ठिकाणी ती माणूस समजून केली गेली. दुसऱ्या ठिकाणी फक्त माणसांची संख्या मोजली गेली.

म्हणून जुने भाग जोडून अशी गाडी करणाऱ्या हौशी कारागिराकडे मी थोड्या आदराने पाहतो. हे काम नीट करायचे तर किती काळजी घ्यावी लागते, ते त्याच्या हाताला कळते. माझे एक मामू बॉडीचे काम करत. शाळा सुटली की मी त्यांच्या शेडमध्ये जाऊन बसे. “पत्र्याला घाई चालत नाही,” हे त्यांचे पालुपद. दोन केबिनी जोडताना तर ते शब्दशः खरे ठरते.

आधी एकाच जातीच्या दोन केबिनी मिळवाव्या लागतात. करवत लावण्याआधी आतून लोखंडी पाइपांचे आडवे-तिरपे आधार द्यावे लागतात. ते दिले नाहीत, तर कापताक्षणी केबिन पसरते आणि मग दार आपल्या चौकटीत पुन्हा बसत नाही. एका केबिनीचा पुढचा भाग आणि दुसरीचा मागचा भाग ओळंब्यात धरून मधले अंतर भरून काढायचे. छपराचा पत्रा सलग वेल्डिंगने जोडला की तापून लाटा येतात. म्हणून लांब-लांब टाके घालायचे, निवू द्यायचे, मग मधले टाके घालायचे. मागच्या दारांसाठी बरेचदा दुसऱ्या केबिनीचीच पुढची दारे कापून आखूड करतात. दाराचे वजन पेलायला मधला खांब आणि बिजागऱ्या आतून भक्कम कराव्या लागतात.

केबिन अडीच-तीन फूट लांबली की खालची चेसीही तेवढी लांब हवी. काही जण जुनी चेसी वाढवतात. तिला उभा सरळ छेद देत नाहीत. तिरपा किंवा पायरीचा छेद देऊन आतून पट्टी मारतात, म्हणजे सगळा भार एकाच रेषेवर येत नाही. शाफ्ट लांबवावा लागतो आणि तो फिरताना थरथरू नये म्हणून तोलून घ्यावा लागतो. काही जण जुनी केबिन अलीकडच्या, लांब चेसीवर चढवतात. त्याचे कारणही समजण्याजोगे आहे. जुन्या ट्रकच्या चारही चाकांचे ब्रेक एकाच तेलाच्या वाटेवर चालत. एक नळी फुटली की चारही चाके मोकळी. विजेची यंत्रणा सहा व्होल्टची आणि सीटबेल्टचा तर पत्ताच नाही. मागे पोरेबाळे बसणार असतील, तर बेल्टचे बोल्ट नुसत्या पत्र्यात मारून भागत नाही. खाली जाड पट्टी द्यावी लागते. चुआलारच्या त्या फळ्या आणि ही जाड पट्टी यांच्यातला फरक म्हणजेच या साऱ्या इतिहासाचे सार, असे मला वाटते.

या गाड्या आपल्याला परक्या नाहीत. जनरल मोटर्सने १९२८ पासून मुंबईत शिवडीला गाड्यांची जुळणी केली आणि १९५४ मध्ये तो कारखाना बंद झाला. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून डॉज आणि फार्गो ट्रक निघत. घाटरस्त्यांवर ज्यांनी आयुष्य काढले, त्या जुन्या ड्रायव्हरांच्या तोंडी ही नावे घरच्या माणसांसारखी असत. आपल्याकडे तर कितीएक ट्रक कारखान्यातून बिनकेबिनचे, नुसते इंजिन आणि चेसी असे बाहेर पडत. त्यावर केबिन उभी करायचे सुतार आणि पत्र्याचे मिस्त्री. म्हणजे बाक किती, दार कुठे, हे ठरवणारा हात बहुधा आपल्याच गल्लीतला होता.

आज मात्र आपल्याकडे अशी गाडी जोडून रस्त्यावर आणणे सोपे नाही. मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ चा आधार घेत सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये, उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येणार नाहीत, असा निर्वाळा दिला. २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांच्या नोंदणीसाठी वेगळे नियम आले. पण त्यातही चेसी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा बदल केलेला चालत नाही. मिस्त्री मंडळींना हे जाचक वाटते आणि त्यांचे दुःख मी समजू शकतो. पण चुआलारची ती ‘बस’ आठवली की नियमांची बाजूही पटते.

इतिहासाने शेवटी एक गंमत केली. ज्या इंटरनॅशनल हार्वेस्टरने कामगाराला पहिल्यांदा छपराखाली घेतले, तिने १९७५ मध्ये पूर्ण आकाराचे पिकअप बनवणेच सोडले. आणि अमेरिकेत आज विकल्या जाणाऱ्या पिकअपमध्ये चार दारांच्या गाड्यांचाच भरणा जास्त आहे. त्यात थंड हवा आहे, मऊ गाद्या आहेत. मागच्या बाकावर आता टोळी नसते, शाळेत निघालेली मुले असतात. कामगारासाठी काढलेली सोय मालकाला आवडली आणि त्याने ती घरी नेली.

आपल्याकडेही बोलेरो कॅम्परसारख्या गाड्यांतून वीज दुरुस्तीची माणसे छपराखाली बसून जाताना दिसतात. बरे वाटते. पण त्याच रस्त्याने उसाच्या फडाकडे निघालेला एखादा ट्रक जातो. त्यात भांडीकुंडी, सरपण, कोंबड्या आणि त्यांच्यावर बसलेली माणसे. एखादी बाई पदराने लेकराचे डोळे झाकून घेते. केबिनची मागची छोटी काच तिच्या अगदी जवळ असते. त्या काचेपलीकडे एक बाक टाकायला अजून किती वर्षे लागतील, हा माझा पोरवयातला प्रश्न मी अजून सोडलेला नाही.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)