सातपुड्याचा ढोल : व्रत, मान आणि स्पर्धा

दिनांक १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी असे सहा तालुके, उत्तरेस सातपुड्याच्या रांगा, त्यांच्या पायथ्याशी तापीचे सुपीक खोरे, आणि पलीकडे नर्मदा. या भूमीच्या इतिहासाविषयी जे लिहिले गेले आहे, त्यात व्यापारी पेठा, मोगल अंमल आणि ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबार शहरात तिरंगा हाती घेऊन गोळीला सामोरे गेलेला बालवीर शिरीषकुमार मेहता यांचा उल्लेख साहजिकच अग्रभागी येतो. डोंगरातील ढोलाचा इतिहास मात्र कोणत्याही दप्तरात फारसा सापडत नाही. तो वाजविणाऱ्यांच्या हातांत आणि स्मरणात राहिला, आणि प्रतिवर्षी फाल्गुनात काही रात्री तो पुन्हा ऐकू येतो.

ढोलपथकाने विजेते होण्यासाठी काय लागते, हा प्रश्न अलीकडच्या काळातील आहे. पूर्वी तो कोणाला पडण्याचे कारण नव्हते. सातपुड्यात एका गावाची वस्ती एका ठिकाणी क्वचितच असते. एक पाडा या टेकडीवर तर दुसरा त्या टेकडीवर, अशी ती विखुरलेली असते. अशा मुलखात ढोल हे प्रथम हाक पोहोचविण्याचे साधन होते. उत्सव, लग्न, संकट, जमाव यांची वार्ता ढोलानेच दरी ओलांडून जात असे. ज्याचा ढोल दूरवर ऐकू जाई, त्या पाड्याचा मान मोठा. आजच्या भाषेत ज्याला गुणांकन म्हणतात, त्याचे हे आदिरूप म्हणता येईल. येथे परीक्षक म्हणून उभी असे ती समोरची टेकडी.

ब्रिटिशांनी १८१८ नंतर खानदेश ताब्यात घेतला, तेव्हा या डोंगराळ भागातील भिल्ल प्रमुखांना वश करणे त्यांना सोपे गेले नाही. १८२५ साली जेम्स आउट्रम या तरुण अधिकाऱ्याने धरणगाव येथे भिल्ल पलटण उभी केली. ज्यांच्याशी झुंजायचे त्यांनाच कवायत शिकवावी, असे ते धोरण होते. युरोपातील पलटणींत नगारा आणि बिगूल ही केवळ वाद्ये नव्हती. पाऊल एकसारखे पडावे, हुकूम दूरवर कळावा, यासाठी त्यांची योजना असे. डोंगरातील ढोलही हाकेचाच. एकाच कामासाठी जन्मलेल्या या दोन वादनपरंपरा खानदेशात अशा रीतीने शेजारी आल्या, परंतु एकरूप झाल्या नाहीत. कवायतीचा ताल पलटणीत राहिला आणि होळीचा ताल पाड्यात.

तिकडे पाश्चात्त्य देशांत कवायतीच्या तालातून एक स्वतंत्र कला उदयास आली. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेतील निवृत्त सैनिकांच्या संघटनांनी गावोगावच्या मुलांची नगारा-बिगूल पथके उभी केली आणि त्यांच्या स्पर्धा भरविल्या. पुढे १९७१ साली या पथकांनी स्वतःची मध्यवर्ती संस्था स्थापन केली व १९७२ साली विस्कॉन्सिन राज्यातील व्हाइटवॉटर येथे तिची पहिली अजिंक्यपद स्पर्धा झाली. अॅनाहाइम किंग्समेन हे पथक तीत विजयी ठरले. शंभर गुणांपैकी चाळीस गुण एकंदर परिणामासाठी, तीस दृश्य रचनेसाठी आणि तीस संगीतासाठी, अशी या स्पर्धेची वाटणी प्रसिद्ध आहे. तरुण वादक उन्हाळाभर बसमधून गावोगाव फिरतात, शाळांच्या व्यायामगृहांत जमिनीवर झोपतात आणि दिवसाचे दहा-बारा तास सराव करतात. वयाची बाविशी उलटली की पथकातील स्थान सोडावे लागते. त्यामुळे कोणत्याही पथकास आपले यश साठवून ठेवता येत नाही. दरवर्षी नवी मुले आणि नवी घडण. १९४० साली स्थापन झालेले बोस्टनचे क्रुसेडर्स हे पथक संस्थापकांपैकी एक असूनही त्याला पहिले अजिंक्यपद २०२५ साली मिळाले. पन्नासांहून अधिक वर्षे हरत राहूनही पथक मोडले नाही, ही गोष्ट विजयाइतकीच नोंद घेण्याजोगी आहे.

महाराष्ट्रात अशा संघटित वादनाचा विचार करू लागल्यास प्रथम पुणे आठवते. १९६२ साली आप्पासाहेब पेंडसे यांनी स्थापन केलेल्या ज्ञान प्रबोधिनीने १९७० च्या सुमारास गणेश विसर्जन मिरवणुकीसाठी विद्यार्थ्यांचे ढोलपथक उभे केले. मुळशी-मावळातील खेड्यांत पिढ्यान्‌पिढ्या वाजणारा ढोल शहरी शाळकरी मुलांच्या कमरेला बांधला गेला. पाठोपाठ इतर शाळांची पथके आली आणि त्यांच्या मागून मंडळांची व स्वतंत्र पथकांची रांग लागली. ताशाने चाल द्यावी, ढोलांनी ती उचलावी, टोल आणि झांजांनी तिला धार द्यावी, आणि पुढे ध्वज नाचवावा, अशी ही रचना आहे. शंभर ढोलांचा ठोका एकाच क्षणी पडणे हे तिचे खरे कौशल्य. एक जरी हात अर्धा क्षण उशिरा पडला तरी जाणकार कानाला नाद फाटल्यासारखा वाटतो. म्हणूनच गणपतीच्या दोन महिने आधीपासून नदीकाठी आणि मैदानांवर सराव चालतो. शेजारच्या रहिवाशांची त्याबद्दलची तक्रारही प्रतिवर्षी ठरलेली असते, आणि ती सर्वस्वी गैर आहे असे म्हणता येणार नाही. २०२४ साली राष्ट्रीय हरित लवादाने पुण्यातील पथकांतील वादकांच्या संख्येवर तीसची मर्यादा घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी तिला स्थगिती दिली, इतका हा विषय दूरवर गेला.

या पार्श्वभूमीवर सातपुड्याकडे पाहिले म्हणजे तेथील पथकाची घडण किती निराळी आहे हे ध्यानात येते.

अक्कलकुवा तालुक्यातील काठी हे गाव ब्रिटिश अमदानीत मेवासी जहागिऱ्यांपैकी एकीचे ठिकाण होते. काठीच्या राजवाडी होळीचा आरंभ स्थानिक परंपरा १२४६ सालापर्यंत मागे नेते. त्या सालास कागदाचा आधार मागणाऱ्याने मागावा. जहागिऱ्या स्वातंत्र्यानंतर संपुष्टात आल्या, होळी मात्र राहिली, हे निर्विवाद आहे. होळीपूर्वीच्या आठवड्यात मोलगी, धडगाव येथे भोंगऱ्या बाजार भरतो. तेथे गूळ, डाळ्या, हार-कंगन यांची आणि घुंगरांची खरेदी होते, आणि बाजारातच ढोल पहिल्यांदा वाजतो. निरनिराळ्या गावांच्या होळ्या मागेपुढे येतात, त्यामुळे एकच पथक अनेक होळ्यांना हजेरी लावू शकते. काठीची होळी फाल्गुन पौर्णिमेची. रात्रभर नृत्य-वादन चालते आणि उंच बांबूची होळी पहाटे पेटते.

पथकात वादकांइतकेच नर्तकांचे महत्त्व असते. बावा आणि बुध्या अंगावर राखेच्या व रंगाच्या खुणा काढतात, डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप घालतात आणि कमरेला वाळलेले दुधी भोपळे व घुंगरे बांधतात. त्यांच्या पायांचा ठेका आणि कमरेच्या घुंगरांचा नाद हेही वादनच होय. जोडीला पावरी व बासरी असते. आणि मध्यभागी ढोल, एका माणसाने गळ्यात अडकवून पेलणे कठीण वाटावे एवढा मोठा. फाल्गुनाच्या रात्री डोंगरात दव पडते. कातडे ओलावले की सैल पडते आणि आवाज दबतो. जाणता वादक म्हणून शेकोटीपासून दूर जात नाही. ढोल किती शेकावा, किती वेळाने पुन्हा शेकावा, हे ज्याला कळते त्याच्याच ढोलाचा आवाज पहाटेपर्यंत टिकतो. जास्त शेकल्यास कातडे फाटण्याचे भय असते, आणि एवढ्या रात्री दुसरा ढोल कोठून आणणार ?

या सर्वांचा पाया आहे पालनी. बावा-बुध्या होणारे पुरुष होळीच्या आधी काही दिवस, बहुधा पाच वा सात, नियम पाळतात. खाटेवर निजत नाहीत, स्नान करीत नाहीत, ब्रह्मचर्य पाळतात, आपले अन्न आपणच शिजवितात. नवस फेडण्यासाठी कोणी एक वर्ष, कोणी तीन वा अधिक वर्षे हे व्रत स्वीकारतो. ज्या वाचकांच्या घरी चातुर्मासातील नियम आणि उपवास परिचयाचे आहेत, त्यांना या व्रताची ओळख पटावयास वेळ लागणार नाही. दैवत निराळे असले तरी देह आवरून मन एका ठिकाणी आणण्याची रीत तीच आहे.

येथे एक वस्तुस्थिती नमूद करणे आवश्यक आहे. या तालुक्यांतील असंख्य कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी व इतर मजुरीसाठी गुजरातेत आणि अन्यत्र जातात. पुण्याच्या पथकाला मिळणारे दोन महिने, अथवा अमेरिकन मुलांचा अखंड उन्हाळा, यांना मिळत नाही. होळीच्या आठ-दहा दिवस आधी माणसे गावी परततात. काही जण तर भोंगऱ्या बाजारालाच एकमेकांना भेटतात. ज्यांचे हात हिवाळाभर कोयत्यावर होते, त्यांना चार रात्रींत एका तालावर यायचे असते. ते येतात, याचे कारण ताल त्यांनी शिकलेला नसून लहानपणापासून ऐकलेला असतो, आणि पालनीच्या काळात सारे पथक एकत्र राहते. सरावासाठी जे काम इतरत्र वेळापत्रक करते, ते येथे व्रत करते. मजुरीवरून ज्या वर्षी मुकादम वेळेवर सोडीत नाही, त्या वर्षी मात्र पथकातील जागा रिकामी राहते, आणि ती भरून निघत नाही.

अलीकडच्या काही दशकांत सातपुड्यातील होळ्यांत पथकांना बक्षिसे देण्याची प्रथा रुजली आहे. उत्कृष्ट ढोल, उत्कृष्ट वेशभूषा, उत्कृष्ट नृत्य असे मान दिले जातात. लोकप्रतिनिधी येतात, ध्वनिक्षेपकावरून नावे पुकारली जातात. या प्रथेचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. बक्षिसाच्या निमित्ताने जुने ढोल दुरुस्त झाले, अडगळीतील टोप बाहेर आले, आणि शिकलेल्या मुलांना बुध्या होण्याचा संकोच वाटेनासा झाला. त्याबरोबर एक अडचणही आली. परीक्षक व्यासपीठावर बसतो, आणि नर्तकाचे तोंड होळीकडे असते. गुण मिळवायचे तर तोंड व्यासपीठाकडे फिरवावे लागते. वेश अधिक चकचकीत करावा, थोड्या वेळात अधिक उड्या माराव्यात, असा मोह तेथून सुरू होतो. पहाटेपर्यंत एकाच लयीत टिकून राहण्याचे कौशल्य परीक्षकाच्या दहा मिनिटांत दिसतच नाही.

अमेरिकेतील स्पर्धेने या अडचणीवर एकंदर परिणामाचे चाळीस गुण हा तोडगा काढला. अचूक ठोक्याइतकेच प्रेक्षकांच्या अंतःकरणाला काय भिडले, याला वजन दिले. सातपुड्यातील आयोजकांनाही असे काही करता येण्याजोगे आहे. रात्रीच्या आरंभी, मध्यरात्री आणि होळी पेटण्याच्या वेळी, असे तीनदा ऐकून निर्णय द्यावा, आणि पालनी पाळलेल्या पाड्यातील वडीलधाऱ्यांना परीक्षकांत बसवावे. शेकोटीजवळच्या वृद्धाला कोणाचा ढोल खरा वाजला हे विचारले, तर तो क्षणाचाही विलंब न लावता सांगतो, आणि त्याच्या भोवतालचे सहसा त्याच्याशी सहमत असतात.

पहाट होते. बांबूच्या शेंड्यापर्यंत ज्वाळा चढतात, तेव्हा सारे ढोल एकाच वेळी वाजू लागतात आणि कोणता कोणाचा हे ओळखता येईनासे होते. ध्वनिक्षेपक त्यापूर्वीच बंद झालेला असतो. होळी खाली आली की पथके आपापल्या वाटेने पांगतात. पुढील गावची होळी असेल तर तिकडे, नसेल तर घराकडे. टोप आढ्याला टांगला जातो, ढोल कोरड्या जागी ठेवला जातो, आणि पालनी संपलेला बुध्या पाण्याकडे जाऊन कित्येक दिवसांची राख अंगावरून धुऊन टाकतो.