युरियाची गोणी आणि बाजाराची पिशवी

आजचा भाग पिशवीचा. हसू नका. जुन्नर-आंबेगावच्या बाजारात आपण रोज जी पिशवी हातात धरतो, तिचा इतिहास थेट जीवाशी जाऊन भिडतो.

आधी शब्द बघू. गोणी म्हणजे मुळात बैलाच्या पाठीवर टाकायची जोडथैली. इंग्रजीतला ‘गनी बॅग’ आपल्या गोणीवरूनच आलाय. नाणेघाट चढून जुन्नरच्या पेठेत येणारा माल पिढ्यानपिढ्या असाच बैलांच्या पाठीवरून यायचा. ती गोणी फाटेपर्यंत वापरली जायची. फाटली की? जुन्नर एकेकाळी कागदासाठी प्रसिद्ध होतं, मराठ्यांच्या दफ्तरांत जुन्नरी कागद वापरला जायचा. दख्खनमध्ये हातकागद करायला जुनं गोणपाट, झिजलेले दोर, चिंध्या असलाच माल लागायचा. तो भिजवायचा, चुन्यात मुरवायचा, कुटायचा, धुवायचा आणि त्याचा लगदा करायचा.

म्हणजे बघा, पिशवी पुन्हा पुन्हा वापरणं ही काही आजची फॅशन नाही. पण त्या गोणीत जायचं काय? ज्वारी, बाजरी, मीठ, मिरची. फार तर वास लागायचा. विष नसायचं.

हे बदललं विसाव्या शतकाच्या मध्यावर. रासायनिक खतं आली, फवारणीची औषधं आली. आणि 1958 साली केरळात भयंकर घटना घडली. एकाच जहाजातून खाण्याचा माल आणि पॅराथिऑन हे कीटकनाशक नेलं जात होतं. औषध गळालं आणि पिठाच्या पोत्यांत मुरलं. ते पीठ खाऊन 100 पेक्षा जास्त माणसं गेली. कुणी मुद्दाम विष घातलं नव्हतं. पोत्यानं ते शोषून घेतलं, एवढंच.

या दुर्घटनेनंतर चौकशी झाली आणि पुढे 1968 चा कीटकनाशक कायदा आला. त्याखालच्या 1971 च्या नियमांत एक गोष्ट स्पष्ट लिहिली आहे: वापरलेली वेष्टनं पुन्हा वापरात येतील अशी बाहेर टाकायची नाहीत, ती मोडून वस्तीपासून लांब पुरायची.

आता आपल्या भागाकडे या. कुकडी प्रकल्पाची पाच धरणं म्हणजे येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे. या पाण्यानं जुन्नर-आंबेगावचं शिवार बदललं. नारायणगावचा टोमॅटो, ओतूरचा कांदा, मंचरकडचा बटाटा, जुन्नरची द्राक्षं. पैसा आला. सोबत खताच्या गोण्यांचा ढीगही आला. प्लॅस्टिकच्या धाग्यानं विणलेली ही गोणी मजबूत, आणि फुकटची. मग तिची पावसाळ्यात खोळ झाली, ओट्यावरचं बसकर झालं, धान्याचं पोतं झालं, आणि बंद लावून शिवली की बाजाराची पिशवीसुद्धा झाली.

युरिया कीटकनाशकाइतका जहाल नाही, हे खरं. पण तो चाटून जनावरं दगावतात, हे कोणत्याही गोठेवाल्याला विचारा. त्याचे दाणे शिवणीत अडकून राहतात. आणि खरा प्रश्न पुढचा आहे. ज्या पिशवीतून काल कृषी सेवा केंद्रातून औषधाची बाटली आली, किंवा बीजप्रक्रिया केलेलं गुलाबी बियाणं आलं, तिच्यातच आज मेथीची जुडी येते का?

मधल्या काळात हा प्रश्न जरा मागे पडला होता, कारण कॅरीबॅग आली. वापरा आणि फेका. धुवायचा प्रश्नच नाही. पण 26 जुलै 2005 ला मुंबई बुडाली, गटारं तुंबवणाऱ्या पिशव्यांवर बोट ठेवलं गेलं, आणि 2006 मध्ये राज्यानं 50 मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांवर बंदी आणली. 23 मार्च 2018 ला तर सगळ्याच कॅरीबॅग बंद करणारी अधिसूचना निघाली. पहिल्यांदा सापडलं तर 5000 रुपये दंड. कापडासारख्या दिसणाऱ्या नॉन-वोवन पिशव्याही त्यात होत्या, कारण तेही प्लॅस्टिकच.

बंदी पुरती पाळली गेली का, हा वेगळा विषय. पण घरोघरी दाराच्या खुंटीवर पिशवी परत आली. माझं म्हणणं एवढंच आहे की पिशवी परत आली, तिच्या सवयी परत आल्या नाहीत.

2011 मध्ये अमेरिकेत एक अभ्यास छापून आला. ग्राहकांच्या 84 पिशव्या तपासल्या, साधारण निम्म्यांत कोलिफॉर्म जिवाणू निघाले. पिशवी धुणारे जवळपास कुणीच नव्हते. या अभ्यासाला पैसा रसायन उद्योगाच्या संघटनेनं दिला होता, त्यामुळे ‘बघा, कापडी पिशवी घातक’ असा सूर काही जणांनी लावला. पण त्याच अभ्यासात हेही निघालं की पिशवी धुतली तर 99.9 टक्के जिवाणू जातात. म्हणजे उपाय काय? प्लॅस्टिककडे परत जाणं नाही. साबण आणि ऊन.

जिवाणू धुऊन जातात, औषध मात्र धुऊन जाईलच याचा भरवसा नाही. म्हणून दोन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या. चिकन-मासळीची पिशवी निराळी, भाजीची निराळी, दोन्ही धुवायच्या, कडक उन्हात वाळवायच्या. आणि औषधाची, बियाण्याची, खताची पिशवी घरात आणायचीच नाही. तिच्यावर लाल रंगाचा पट्टा मारा, म्हणजे आजीलाही कळेल आणि पोरांनाही. खताची गोणी धुतलीच, तर ते पाणी जनावरांच्या हौदाजवळ जाऊ देऊ नका.

आपल्या पणज्यांना हे कुणी शिकवायला लागलं नाही, कारण त्यांच्या गोणीत विष नव्हतं. आपल्या गोणीत ते येऊ शकतं, म्हणून हा नियम आपल्यालाच घालून घ्यावा लागेल. आज घरी गेल्यावर खुंटीवरची पिशवी एकदा उलटी करून बघा, आणि तळाशी काय निघालं ते कळवा. भेटू पुढच्या भागात!