दोन कोअर आणि गिगाहर्ट्झचा आकडा

मागच्या व्याख्यानात आपण पेंटियम ४ पाशी थांबलो होतो. वेग वाढवला की उष्णता आवरेना, आणि २००४ मध्ये इंटेलनं ४ गिगाहर्ट्झचा बेत सोडला. मग मे २००५ मध्ये बाजारात आले इंटेलचा पेंटियम डी आणि एएमडीचा अ‍ॅथलॉन ६४ एक्स२.

खोक्यावर दोन्हीकडे ‘ड्युअल कोअर’च. पण आत बघा. पेंटियम डीमध्ये दोन जुने कोअर नुसते शेजारी बसवलेले. एकाकडची माहिती दुसऱ्याला हवी, तर ती चिपबाहेरच्या फ्रंट साइड बसवरून फिरून यायची. घरातल्या दोन भावांनी बोलायला गल्लीत उतरावं, तसं. शिवाय मेमरीची वाहतूकही त्याच रस्त्यानं. एएमडीनं हे सगळं चिपच्या आत ठेवलं. त्यामुळे २.४ गिगाहर्ट्झचा एक्स२ ४८००+ बऱ्याच कामांत ३.२ गिगाहर्ट्झच्या पेंटियम डी ८४० च्या पुढे जायचा. किंमत मात्र जवळपास दुप्पट, हेही आपण विसरायला नको. आकडा बघून खरेदी करणारा गिऱ्हाईक इथंच फसायचा.

जुलै २००६ मध्ये इंटेलनं कोअर २ ड्युओ आणला. दोन्ही कोअरना एकच सामायिक कॅश. ८४० ला १३० वॉट लागायचे, तर २.४ गिगाहर्ट्झच्या ई६६०० ला ६५ च, आणि तरी तो कितीतरी वेगवान! हा आराखडा आला इस्रायलमधल्या हैफाहून, लॅपटॉपची बॅटरी वाचवण्यात मुरलेल्या लोकांकडून.