समुद्रकाकडीची विरळणी: २२५ ग्रॅमची गोष्ट

आजची गोष्ट सुरू होते तुतिकोरीनला. १९८८ साली तिथल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या केंद्रात ‘सँडफिश’ जातीच्या समुद्रकाकडीची पिल्लं हॅचरीत तयार झाली. नाव काकडी, पण हा प्राणी आहे, तारामाशाच्या नात्यातला. तो वाळवून चीनला विकायचा धंदा शतकानुशतकं चालत आलाय, आणि त्यापायी कितीतरी किनारे रिकामे झालेत. म्हणून ही पिल्लं महत्त्वाची होती.

पण पुढचा प्रश्न होता, एका चौरस मीटरमध्ये पिल्लं सोडायची किती?

त्याचं एक उत्तर आलं पॅसिफिक महासागरातल्या सॉलोमन बेटांवरून. १९९०च्या दशकात तिथे टाक्यांमध्ये पिल्लं वाढवताना दिसलं, की एका चौरस मीटरवर साधारण २२५ ग्रॅम वजन झालं की वाढ अडकते. आता इथे नीट ऐका. मर्यादा डोक्यांची नाही, वजनाची आहे! १० ग्रॅमची २२ पिल्लं एका चौरस मीटरमध्ये मजेत राहतील. पण तीच ४०० ग्रॅमची व्हायची असतील, तर हाच हिशोब धरून एकेकीला जवळजवळ दोन चौरस मीटर जागा लागेल.

कारण साधं आहे. सँडफिश वाळू गिळते, तिच्यातले सेंद्रिय कण पचवते आणि उरलेली वाळू बाहेर टाकते. म्हणजे तिचं ताट म्हणजे समुद्राचा तळ, आणि ते ताट ठरावीक वेगानेच भरतं. खाणारी तोंडं वाढवली की प्रत्येकीचा घास लहान होतो. आपल्याकडे शेतकरी विरळणी का करतो? दाट पेरलं तर रोपं दिसतात खूप, पण कणसं भरत नाहीत. अगदी तसंच. अर्थात २२५ हा टाकीतला आकडा. खऱ्या समुद्रात तो जागेनुसार बदलतो.

१९९९ मध्ये सॉलोमन बेटांवरच्या यादवीमुळे ते संशोधन केंद्र बंद पडलं, पण धडा उरला. त्याची खरी परीक्षा मादागास्करच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर झाली. तिथली वेझो कोळी कुटुंबं उथळ पाण्यात जाळ्यांची कुंपणं घालून सँडफिश वाढवतात. दिवसा ती वाळूत दडते, म्हणून काढणी रात्री. चोरांपासून राखणही रात्रभर. मोठ्या सँडफिशला भाव चांगला, बारकीला कमी. म्हणजे लोभाने दाटी केली तर महिनोन्‌महिन्यांची राखण करून हातात येतो बारका माल.

आणि भारत? २००१ मध्ये आपण समुद्रकाकडीला वन्यजीव कायद्याचं संरक्षण दिलं आणि पकडण्यावर बंदी आली. समुद्रातला साठा वाचवायला ती गरजेची होती, हे मला पटतं. पण ज्या किनाऱ्यावर ती पिल्लं जन्मली, तिथल्या कोळ्यांच्या हाती शेतीही आली नाही, ही रुखरुख राहतेच.

उद्या ही शेती इथे सुरू झालीच, तर पहिला प्रश्न ‘पिल्लं किती?’ हा नको. ‘तळ किती जणींना पोसेल?’ हा हवा.

भेटू पुढच्या भागात!